मंडईतला झुंझारराव

भाऊबीज उलटली की आमच्या झाडीपट्टीत मंडयांचे दिवस येतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतली धानाची गावे आपापसात दिवस वाटून घेतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो; त्यामुळे लोकांच्या हाती थोडा पैसा असतो आणि थोडी सवडही. दिवसा शिंगाड्यांचे ढीग, उसाच्या मोळ्या, बांगड्यांची दुकाने, दंडारीचा ढोल. आणि रात्री नाटक. दहाच्या सुमारास पडदा वर जातो तो उजाडताना खाली येतो. मध्येच उठून घरी जाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गावात तोंड दाखवणे कठीण.

विल्यम शेक्सपिअर या इंग्रज नाटककाराची आणि माझी पहिली भेट अशाच एका मंडईत झाली. १९९० च्या आसपासची गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो आणि गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यात होते; आमचा जिल्हा वेगळा झाला तो पुढे १ मे १९९९ रोजी. समोर चाललेले नाटक मुळात इंग्लंडातले आहे हे मला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्यात काम करणाऱ्यांपैकीही बहुतेकांना ठाऊक नव्हते. ते नाटक होते गोविंद बल्लाळ देवलांचे 'झुंझारराव'. आणि झुंझाररावाच्या वेषात होते माझे बाबा.

त्या रात्रीकडे येण्यापूर्वी या इंग्रज गृहस्थाविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण त्याच्याविषयी मला एक खाजगी आपुलकी आहे. मी मॅट्रिक झालेला माणूस. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली, शाळेत नोकरी धरली, आणि सुट्टीत मंडईच्या नाटकांचे पडदे रंगवता रंगवता तीन कादंबऱ्याही लिहिल्या. पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या समारंभात कुणी मोठ्या अदबीने 'आपले शिक्षण?' असे विचारले, की मला शेक्सपिअर आठवतो. स्ट्रॅटफर्ड नावाच्या लहानशा गावात हातमोजे करणाऱ्याचा हा मुलगा. २६ एप्रिल १५६४ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाल्याची चर्चच्या वहीत नोंद आहे; जन्मदिवसाची नाही. गावच्या शाळेपलीकडे तो शिकल्याचा पुरावा नाही. अठराव्या वर्षी लग्न, तेही आपल्याहून आठ वर्षांनी मोठ्या बाईशी. मग लंडनला जाऊन नाटकमंडळीत शिरला. १५९२ मध्ये रॉबर्ट ग्रीन नावाच्या विद्यापीठाच्या पदवीधराने त्याच्यावर मोठी चरफड केली, परक्या पिसांनी नटलेला कावळा म्हणून. ग्रीनसाहेब आज कुणाच्या लक्षात असलेच तर त्या एका शिवीमुळे आहेत. पदवीधरांविरुद्ध माझा काही दावा नाही. पण ही हकीकत मला आवडते, हे लपवून काय उपयोग?

२३ एप्रिल १६१६ रोजी तो वारला तेव्हा त्याची निम्मी नाटके छापलेलीसुद्धा नव्हती. त्याच्याबरोबर रंगभूमीवर उभे राहिलेले हेमिंग्ज आणि कॉन्डेल हे दोन नट पुढे झाले आणि १६२३ मध्ये त्यांनी ३६ नाटकांचा एक मोठा ग्रंथ काढला. तो निघाला नसता तर 'मॅकबेथ' आणि 'ज्युलिअस सीझर' आज बहुधा आपल्याला माहीत नसते. त्याला राखले ते पंडितांनी नव्हे, बरोबरीच्या नटांनी.

मराठीतही त्याला आधी शास्त्रीबुवांनी आणले आणि मग नटांनी रुजवले. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये 'ऑथेल्लो' मराठीत उतरवले. आगरकरांचे 'विकारविलसित', म्हणजे 'हॅम्लेट', १८८३ चे. देवलांचे 'झुंझारराव' १८९० चे. गणपतराव जोशांसारखा नट लाभला तेव्हा हॅम्लेट आणि ऑथेल्लो हे परके उरले नाहीत. देवलांनी तर ऑथेल्लोला झुंझारराव केले, डेस्डिमोनाची कमळजा केली आणि त्या आयागोचा जाधवराव; मग इंग्लंड उरलेच कुठे? तेच पुस्तक, पाने सुटलेले, आमच्या गावच्या एका निवृत्त गुरुजींच्या पेटीत होते. तिथून ते बाबांच्या हाती आले.

आता आत्याची गोष्ट.

बाबांना एकच बहीण, त्यांच्याहून पुष्कळ लहान. तिला चार कोसांवरच्या गावी दिली होती. जवाईबापू माणूस वाईट नव्हते. कष्टाळू, अबोल, दारूचा थेंब नाही. एका उन्हाळ्यात आत्याने तेंदूपत्ता तोडला, फडावर पुडे मोजून दिले आणि त्या पैशातून पोलक्यासाठी जांभळे कापड घेतले. पोलके अंगावर चढले आणि गावात कुजबूज सुरू झाली. कापड कुणी दिले? कुणी म्हणाले, मंडईच्या रात्री ती नाटकाच्या कनातीमागे कुणाशी तरी बोलत उभी होती. कोण म्हणाले, ते आजतागायत समजलेले नाही. जवाईबापूंनी शेजाऱ्यांना विचारले, भावकीला विचारले, दुकानदारालाही विचारले म्हणे. दिवाळीला ते आत्याला घेऊन आमच्याकडे आले, चहा प्याले, 'मागाहून न्यायला येतो' म्हणाले आणि गेले. तीन दिवाळ्या झाल्या तरी आले नाहीत.

बाबा भांडणारे नव्हते. चार एकर धानाचा शेतकरी. बहिणीच्या सासरी पंचायत नेऊन तिचे नाव आणखी दहा तोंडी करावे हे त्यांना पटेना. पण नाटकवेडे होते. त्या वर्षी गावच्या नाट्यमंडळात त्यांनी 'झुंझारराव'चा हट्ट धरला. लोकांना विनोदी नाटक हवे होते. बाबांनी मध्ये दोन गाणी आणि एक गमतीचा प्रवेश घालून त्यांची समजूत काढली. (देवलांनी क्षमा करावी, झाडीत पेटी-तबल्यावाचून खून होत नाही.) कमळजेसाठी नागपूरहून बाई आणली. आणि जवाईबापूंना अगत्याचे बोलावणे गेले.

ते आले. पाहुण्याला साजेल अशी पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांना मिळाली. बाकी सारे गाव मागे तणशीवर बोऱ्या टाकून बसले होते, बाया एका अंगाला. रंग लावून बसलेल्या बाबांनी मला आत बोलावले आणि हळूच सांगितले, "तू जवाईबापूच्या बाजूले बस. नाटक नको पाहू. त्याच्या तोंडाकडे पाह्य."

पुढे कितीतरी वर्षांनी 'हॅम्लेट'ची गोष्ट वाचली तेव्हा मी दचकलो. राजवाड्यात नटांकडून खुनाचा खेळ करवून घेताना हॅम्लेट आपल्या मित्राला, होरॅशिओला, हेच सांगतो. माझ्या चुलत्याच्या चेहऱ्यावर नजर ठेव. बाबांनी 'हॅम्लेट' वाचले नव्हते. कुठून सुचले असेल त्यांना? की अपराध्यासमोर त्याचाच अपराध नाटक करून मांडावा, ही नाटकवाल्यांची जुनीच भाबडी आशा आहे?

मी रात्रभर त्या चेहऱ्याकडे पाहत बसलो. जवाईबापूंनी भुईमुगाच्या शेंगा सोलल्या, गाण्याला मान डोलावली, गमतीच्या प्रवेशाला मोकळे हसले. पहाटेच्या सुमारास झुंझाररावाने कमळजेचा जीव घेतला आणि ती निर्दोष होती हे त्याला कळले, तेव्हा बायांच्या बाजूने हुंदके ऐकू आले. आणि मी पाहिले, जवाईबापू रडत होते. चांगले दुपट्ट्यात तोंड लपवून रडत होते. मी धावत कनातीत गेलो आणि ओरडलो, "रडले, रडले!"

बाबा तोंडावरचा रंग न पुसता बाहेर आले आणि त्यांच्या शेजारी बसले. काय बोलावे ते त्यांना सुचेना. जवाईबापूच बोलले.

"लय चांगलं केलं तुमी," ते म्हणाले. "त्या जाधवरावाले तं फाशी द्याले पायजे."

मग ते आमच्या घरी आले. आत्या खुनाच्या प्रवेशाआधीच उठून एकटी घरी आली होती. तिने चूल पेटवून ठेवली होती. तिच्या हातचा चहा ते प्याले आणि पहिल्या गाडीने परत गेले. पुन्हा आले नाहीत. बाबांनी त्यानंतर नाटकात काम केले नाही. मात्र नाटक पाहायला ते मरेपर्यंत जात राहिले.

लोक नाटकाविषयी मोठमोठे बोलतात. माणसाचे मन धुऊन निघते वगैरे. निघत असेल. पण एखादा माणूस पहिल्या रांगेत बसून स्वतःच्याच गुन्ह्यावर मनापासून रडू शकतो आणि तो गुन्हा आपला आहे हे त्याला दुरूनही शिवत नाही, हे मी दहाव्या वर्षी पाहिले आहे. तो ढोंगी नव्हता. त्याचे रडणे खरे होते. 'जाधवराव' तेवढा त्याने बरोबर ओळखला होता. आणि आपल्या गावात असा कुणी जाधवराव नाही, तेव्हा आपली गोष्ट वेगळी, असा हिशेब त्याने केला असावा.

या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि तो मला एका विद्यार्थ्याने दाखवला. इंग्रजीचे मास्तर रजेवर होते. आठवीचा तास माझ्याकडे आला. मी फळ्यावर स्ट्रॅटफर्डच्या त्या जुन्या लाकडी घराचे चित्र काढले आणि सांगू लागलो की हे घर पाहायला जगभरातून माणसे जातात. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमच्याही गावात एक नाटक लिहिणारा झाला म्हणतात." मुलगा पद्मपूरचा होता. पद्मपूर म्हणजे आमगावला लागून असलेले खेडे. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या गाडीत आमगावला मी आयुष्यात शंभरदा तरी उतरलो असेन. आमगावात भवभूतीच्या नावाचे महाविद्यालय आहे; त्याची पाटी मी वाचली होती. पण पाटी वाचणे निराळे. हजारो कोसांवरच्या कवीचे घर मी बिनचूक काढू शकत होतो आणि पायाखालच्या गावचा नाटककार मला एका पोराने सांगावा! मला त्या दिवशी चांगलेच खजील व्हायला झाले.

भवभूतीने आपली माहिती नाटकांच्या प्रस्तावनेत स्वतःच दिली आहे. दक्षिणापथात, विदर्भात, पद्मपूर नावाचे नगर. तिथे तैत्तिरीय शाखेचे, काश्यप गोत्राचे उदुंबर नावाचे ब्राह्मण. आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जतुकर्णी, स्वतःचे नाव श्रीकंठ. स्ट्रॅटफर्डच्या चर्चची वही याहून जास्त काय सांगते? फक्त गावाचा पत्ता हरवला होता. तो वा. वि. मिराशींनी शोधला. पूर्वीच्या दुर्ग जिल्ह्यात वाकाटकांच्या ताम्रपटाचा एक तुकडा सापडला, त्यात पद्मपुराचे नाव आहे. त्यावरून आणि इतर पुराव्यांवरून आमगावजवळचे हेच ते पद्मपूर, असे मिराशींनी मांडले. काळ आठव्या शतकाच्या आरंभाचा. कल्हणाच्या 'राजतरंगिणी'त कनौजच्या यशोवर्म्याच्या पदरी असलेल्या कवींत त्याचे नाव येते. म्हणजे आमचा माणूस नोकरीसाठी उत्तरेला गेला. झाडीतली माणसे अजून जातात.

त्याची तीन नाटके आहेत, 'महावीरचरित', 'मालतीमाधव' आणि 'उत्तररामचरित'. आणि तिन्हींच्या प्रस्तावनेत लिहिले आहे की हा प्रयोग कालप्रियनाथाच्या यात्रेत होत आहे. हे कालप्रियनाथ म्हणजे उज्जयिनीचा महाकाल की काल्पीचे सूर्यमंदिर, यावर विद्वानांचे एकमत नाही. मला त्याचे फार सुखदुःख नाही. यात्रा होती, दुरून आलेली माणसे होती आणि नाटक होते, एवढे मला पुरते. ती मंडईच होती.

तालुक्याच्या वाचनालयातून 'उत्तररामचरित'चे मराठी भाषांतर आणून वाचले. (परशुरामपंत तात्या गोडबोल्यांनी ते एकोणिसाव्या शतकातच मराठीत आणले होते.) पहिला अंक वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ अंगणात फिरून आलो. त्या अंकाचे नावच 'चित्रदर्शन'. लक्ष्मण चित्रे दाखवतो, राम आणि सीता आपलाच वनवास भिंतीवर पाहतात. आणि जे सोसून झाले आहे तेच चित्रात पाहताना पुन्हा घाबरतात. शूर्पणखेचे चित्र पाहून सीता दचकते, राम तिला सांगतो की हे चित्र आहे. आयुष्यभर पडदे रंगवणाऱ्या माणसाला चित्राचा याहून मोठा मान कुणी दिलेला नाही.

दुसऱ्या अंकात शंबूकाचा वध आहे. तो कवीने कितीही सौम्य केला असला, मेलेल्या शंबूकाला दिव्य रूप दिले असले, तरी माझ्या गळ्याखाली उतरत नाही. शाळेत वेगवेगळ्या घरांतली मुले समोर बसतात. त्यांना तो अंक कसा वाचून दाखवावा हे मला अजून सुचलेले नाही.

पण मुख्य गोष्ट सीतेची. ऑथेल्लोच्या कानात विष ओतणारा एक माणूस आहे. त्याला नाव आहे, डाव आहे, शेवटी तो पकडलाही जातो. भवभूतीच्या नाटकात असा कुणीच नाही. दुर्मुख हा नुसता निरोप्या. लोक काय बोलतात ते सांगतो. कोण लोक? त्यांना तोंड नाही. आत्याच्या सासरगावात तरी कुणाचे तोंड होते? तिथे जाधवराव शोधून सापडला नसता. हे आमच्या पद्मपूरच्या माणसाला लंडनच्या माणसाआधी नऊशे वर्षे ठाऊक होते, असे मला वाटते, आणि असे वाटताना थोडा गावचा अभिमान त्यात मिसळलेला आहे हेही कबूल करतो.

आणि सातव्या अंकात तो नाटकात नाटक घालतो. गंगेच्या काठी वाल्मीकीने रचलेला खेळ अप्सरा करून दाखवतात. सीतेने टाकलेल्या अवस्थेत काय सोसले ते राम प्रेक्षक होऊन पाहतो आणि मूर्च्छित पडतो. मग खरी सीता येते आणि हाताच्या स्पर्शाने त्याला सावध करते. मूळ रामायणात ती धरणीच्या पोटात जाते. भवभूती तिला परत आणतो. पण मला थांबवले ते दुसऱ्याच गोष्टीने. तो खेळ पाहायला भवभूतीने एकट्या रामाला बसवलेले नाही. अयोध्येची प्रजा बसवली आहे, जिने कुजबूज केली तीच. आणि अरुंधती सीतेविषयी विचारते ती त्या प्रजेला. बाबांचे चुकले ते इथे. त्यांनी एका माणसासाठी खुर्ची मांडली. त्याच्या सगळ्या गावाला बोलवायला हवे होते.

हे मी गेल्या पावसाळ्यात आत्याला सांगितले. ती आता साठीच्या पुढे आहे, आमच्याच घरी असते. विड्या वळून तिने माझ्या पदविकेची फी भरली होती. आता कुणी वळायला सांगत नाही, तरी संध्याकाळी सूप मांडीवर घेऊन ती पाने कातरत बसते. मी म्हणालो, आत्या, तुला एक नाटक वाचून दाखवतो. चार रात्री वाचले. ती मान वर न करता ऐकत होती. तिसऱ्या अंकात राम पंचवटीत येतो, जुन्या जागा पाहून पुन्हा पुन्हा शुद्ध हरपतो. सीता तिथेच असते, पण त्याला दिसत नाही, तिचा हात मात्र त्याला कळतो. पंडितांनी या अंकाची फार वाखाणणी केली आहे, काहींनी राम इतका रडतो म्हणून नाकेही मुरडली आहेत. माझा स्वतःचा आवाज वाचताना जड झाला होता.

आत्याची कैची थांबली.

"रडून रडून बेसुध होते म्हन्तो, तं बरं हाय," ती म्हणाली. "पर सोडाच्या आधी त्यानं तिले इचारलं का गा?"

मी पाने उलटी चाळत पहिल्या अंकाकडे गेलो. चित्रे पाहून थकलेली, दिवस गेलेली सीता रामाच्या हातावर डोके ठेवून झोपते. दुर्मुख येतो तो त्याच वेळी. राम निर्णय घेतो, खूप रडतो, तिच्या पायांवर डोके ठेवतो आणि तिचे डोके हळूच हातावरून काढून निघून जातो. ती जागी होते, आणि वनात फिरायला जायचे आहे असे समजून आनंदाने रथात बसते.

"नाही आत्या," मी म्हणालो. "ती निजली होती."

तिने सुपातले पान उचलले, दिव्याकडे धरून त्याच्या शिरा पाहिल्या.

"निजली होती तं उठवाचं होतं," ती म्हणाली. "हं, वाच पुढं."